बघण्यासारखं

सर्व्हेवाला पोरगा विचारतो, बाई,
इथं बघण्यासारखं काय आहे?
त्याच्या तक्त्यात तसा रकाना आहे म्हणे,
भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

ये. चपला राहू देत पायात, खडी आहे.

हे शिवडीच्या मागचं आमचं गाव.
गाव मी म्हणते. पत्त्यात 'रेल्वे क्वार्टर्स, टाइप एक' लिहायचो.
एका अंगाला गोदीची भिंत, दुसऱ्या अंगाला खाडी,
मधे सात रूळ आणि साठ बिऱ्हाडं.
प्रवासी गाडी इथं कधी आली नाही.
यायचा तो कापूस, गंधक, खजूर,
एकदा सर्कशीचे उंट, उतरायला तयार नसलेले.

लहानपणी मला वाटायचं, वाघिणी म्हणजे वाघिणीच.
बाबा पाळी संपवून येऊन सांगायचे,
आज चाळीस वाघिणी जोडल्या, एक घसरली,
आणि मी त्यांच्या हातांवर ओरखडे शोधायची.
सापडायचेही.

हा इंजिनाचा नळ. सोंड गंजली आता.
नरसय्या कोंडाच्या लग्नात हळद याच्याखाली उतरवली,
नवरा-नवरीची, आणि त्याच धारेत अख्ख्या वऱ्हाडाची.
ही इन्स्टिट्यूट. इथं ड्रायव्हर परेरांचा पियानो होता,
पावसाळ्यात त्याचा एक सूर फुगून बसायचा,
मग पोरं तेवढा सूर तोंडाने भरून काढायची.
पियानो कुणी नेला माहीत नाही.
फरशीवरचे हे खळगे त्याच्या पायांचे.

भरला रकाना?
नाही? मग हा काटा बघ.

वाघिणी तोलायचा, चाळीस टनांपर्यंत.
खाली खड्डा, वर रुळाचा सुटा तुकडा,
आत खोलीत पितळी दांडी, तिच्यावर सरकतं वजन.
काटाबाबू शृंगारपुरे. दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस,
त्यातले आठ आकडे.
त्र्याहत्तरच्या दिवाळीआधी काटा बंद करायचा हुकूम आला.
शेवटच्या दिवशी तोलायला काहीच आलं नाही.
दुपारपर्यंत वाट पाहून ते दारोदार फिरले, म्हणाले,
चला.

उघडी, रिकामी वाघीण काट्यावर उभी होती.
शिडी लावली. तीन खेपा झाल्या.
म्हाताऱ्या, तान्ही, झोपेतून उठवलेले रात्रपाळीवाले,
एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन शेजारणी एकाच कोपऱ्यात,
केशर तुळसकर काखेतल्या कोंबडीसकट
(कोंबडी मागाहून वजा केली).
वाघिणीचं वजन वजा जाता
दहा टन, चारशे वीस किलो.
आकडा ऐकून सगळे हसले.
शृंगारपुरे दहा किलो वाढवायला निघाले होते,
पण त्यांच्याच्याने खोटं लिहवेना.

पावती माझ्याकडे आहे, घरी आलास तर दाखवते.
डोकी: दोनशे तेरा.
मालाचा प्रकार: नाशवंत.
पोचवायचं ठिकाण: तिथं शाईचा मोठा ठिपका,
टाक बराच वेळ टेकवून ठेवल्याचा.

डोक्यांत मी नाही. वजनात आहे.
आईला सहावा चालू होता, पाऊण किलो धर.
मालगाडीचा माझा तेवढाच प्रवास, जागच्या जागी.

बाकी काय?
हिवाळ्यात रोहित येतात, खाडी गुलाबी होते, ते लिही.
लोक कॅमेरे घेऊन येतात, आम्हाला रस्ता विचारतात,
आणि पक्ष्यांकडे बघताना पाठ आमच्याकडे करतात.
करू देत. पक्षी खरंच सुंदर आहेत.

तू उभा राहा बरं काट्यावर.
दांडी आहे अजून, गेल्या आठवड्यात मी तेल घातलं.
बघ. हलत नाही.
एकटं माणूस त्याला कळतच नाही.

टेप धरणाऱ्या त्या दुसऱ्याला बोलाव.
गाडीत झोपलेल्या ड्रायव्हरलाही उठव.
मी आहेच.